पोपटाच्या डोक्याची लाकडी मूठ: लांब छत्रीसाठी, हातानं कोरलेली

मिटलेली छत्री काठीसारखी टेकवली की मूठ वर असते आणि तळवा तिच्या माथ्यावर येतो. छत्री उघडली की तीच मूठ खाली जाते, पक्षी उलटा लटकतो आणि बोटं त्याच्या मानेभोवती आवळली जातात. म्हणून मूठ कोरायला घेण्याआधी कागदावर हे दोन भाग पेन्सिलीनं काळे करून ठेवावेत. तिथं नक्षी कोरायची नाही. माथा आणि मान गुळगुळीत, आणि पिसं, डोळे, चोच हे सगळं गालांवर. शोभेच्या बऱ्याच मुठी इथंच फसतात. डोक्यावर तुरा असतो, मानेभर खवले असतात, कपाटात त्या छान दिसतात, आणि पावसात अर्धा तास धरल्या की तळहातावर खवल्यांचा छाप उमटतो.

इथं एकच मूठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवली आहे: हातानं उघडायच्या लांब छत्रीची, चोच छातीशी टेकवून बसलेल्या पोपटाची. मापं मोठ्या माणसाच्या हाताची आहेत. प्रत्यक्ष काम चौदा-पंधरा तासांचं, पण तेल वाळण्यात आठ-दहा दिवस जातात. मृगाच्या आधी मूठ हातात हवी असेल तर एप्रिलमध्येच लाकूड शोधायला लागा.

आधी छत्री बघा

घडीची छत्री यासाठी उपयोगाची नाही. तिचा दांडा एकात एक सरकणाऱ्या पातळ नळ्यांचा असतो, आणि लाकडी मुठीचं वजन त्या सांध्यांवर येतं. बटण दाबून उघडणाऱ्या छत्रीत बटणाची यंत्रणा बहुधा मुठीतच बसवलेली असते, त्यामुळे तीही नको. हवी ती साधी, लांब, एकाच नळीच्या दांड्याची, जिचा खालचा खटका (मिटलेली छत्री अडकवून ठेवणारा) दांड्यावरच आहे आणि मूठ त्याच्या खाली वेगळी बसवलेली आहे.

दांड्याचा व्यास व्हर्नियर कॅलिपरनं मोजा. साध्या छत्र्यांत ८ किंवा १० मिमी आणि मोठ्या, गोल्फसाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या छत्र्यांत १४ मिमी अशी मापं सहसा मिळतात. पुढची सगळी मापं १० मिमी दांडा धरून दिली आहेत.

जुनी मूठ काढण्याआधी तिची वरची कड दांड्यावर जिथं येते तिथं बारीक खूण करा. ही खूण पुसू देऊ नका. छत्री मिटल्यावर काड्यांची टोकं मुठीच्या अगदी जवळ येतात, आणि नवी मूठ या खुणेच्या वर सरकली तर छत्री पूर्ण मिटत नाही किंवा खटका लागत नाही. मूठ प्लास्टिकची असेल तर बाजूला एखादी बारीक खीळ दिसते का बघा. असल्यास ती आधी ठोकून काढा. मग मुठीचं तोंड हेअर ड्रायरनं दोन-तीन मिनिटं तापवा, दांड्याभोवती कापड गुंडाळा आणि पिळत ओढा. निघालीच नाही तर बारीक करवतीनं तिला उभी चीर द्या आणि स्क्रू-ड्रायव्हरनं फाकवा. घाईत पक्कड दांड्याला लावली तर नळी चेपते, आणि चेपलेल्या नळीवर पुढं खटका नीट सरकत नाही.

आतून निघालेलं दांड्याचं टोक बऱ्याचदा दाबून चपटं केलेलं असतं. तो दोष समजून कापू नका. मूठ गरगर फिरू नये म्हणून ते तसं केलेलं असतं, आपल्यालाही ते कामी येईल.

लाकूड, आणि त्याहून महत्त्वाच्या त्याच्या रेषा

इंग्लंडमध्ये छत्रीचे कारागीर चेस्टनट, चेरी, मलाक्का वेत अशी लाकडं वापरत आले. लंडनच्या ‘जेम्स स्मिथ अँड सन्स’ या १८३० पासूनच्या दुकानात आजही मूठ आणि दांडा एकाच लाकडाचा अशी छत्री मिळते. असा एकसंध दांडा घरी करण्याच्या फंदात पडू नये. दोन हात लांबीचं, सरळ आणि टोकाला वळलेलं लाकूड सापडणं आणि ते न वाकता वाळणं हे दोन्ही नशिबाचे भाग आहेत.

आपल्याकडं वखारीत आणि फर्निचरच्या कारखान्यात मिळणाऱ्या तुकड्यांतून निवड सोपी आहे. पहिल्या मुठीसाठी सागवान. ते स्थिर राहतं, ओलावा सोसतं आणि एका मुठीपुरता तुकडा कुठंही मिळतो. जुन्या वाड्याच्या चौकटीचा तुकडा मिळाला तर फारच उत्तम, फक्त त्यावर लोहचुंबक फिरवून मोडलेले खिळे शोधून घ्या. सागाचे दोन त्रास आहेत. त्यातल्या वाळूसारख्या कणांनी पटाशीची धार लवकर मरते, आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. दुसऱ्याचा उपाय पुढं येईल.

शिवण हलकी आणि कोरायला मऊ आहे, पण चोचीसारख्या टोकाला ठोकर सोसत नाही. फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं आणि वर्षभरात मधाच्या रंगावर जातं. ज्याला रंगासाठी मूठ करायची आहे त्यानं फणसच घ्यावा. हेदूचं लाकूड बारीक पोताचं, त्यावर पिसांची रेघ सर्वांत स्वच्छ उमटते. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण त्यात किडा फार लवकर लागतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि मैद्यासारखी भुकटी दिसली तर तो तुकडा घरातही आणू नका. शिसव सगळ्यांत देखणी, पण जड आणि कडक. तिच्या झाडांवर आणि व्यापारावर कायद्याची बंधनं आहेत, म्हणून वखारीतून रीतसर किंवा जुन्या फर्निचरमधूनच घ्यावी. बाभूळ आणि चिंच या अवजारांच्या दांड्यांच्या जाती. चिवट आहेत, पण हातानं बारीक कोरताना मनगट काढतात.

आता रेषा, म्हणजे लाकडाचे उभे तंतू. लाकूड रेषांच्या दिशेनं ताण सोसतं आणि रेषांना आडवं पटकन मोडतं. पोपटाची मूठ म्हणजे उभी मान आणि आडवी चोच. मानेच्या दिशेनं रेषा ठेवल्या तर चोच आडव्या रेषांची होते आणि छत्री हातातून फरशीवर पडली की पहिली तीच तुटते. चोचीच्या दिशेनं ठेवल्या तर मान आडव्या रेषांची होते. त्या मानेत तर १० मिमीचं भोक आहे, आणि वाऱ्यात छत्री पिळली की मान मधोमध चिरते. चोच तुटली तर मूठ विद्रूप होते, मान तुटली तर छत्रीच जाते. म्हणून रेषा नेहमी मानेच्या बाजूनं, आणि चोचीची सोय रेखाटनात करायची: ती बाहेर झेपावणारी न ठेवता खाली वळवून छातीला टेकवायची. टोक मोकळं राहिलंच नाही तर तुटणार काय? पोपटाची चोच मुळातच आकड्यासारखी, त्यामुळे हा आकार ओढूनताणून आणावा लागत नाही. बदकाच्या किंवा गरुडाच्या मुठीपेक्षा नवशिक्यानं पोपट घ्यावा तो यासाठीच.

याहून सरस मार्ग आहे तो नैसर्गिक बाकाचा. लाकडी नांगर करणारा सुतार बाभळीचं आधीच वळलेलं खोड शोधत असे, कारण वळलेल्या खोडात रेषाही वळणाबरोबर वळतात. फांदी जिथं खोडातून फुटते तिथला तुकडा मुठीसाठी असाच मिळतो: मान खोडात, चोच फांदीत. पेरू, चिंच, बोर यांच्या छाटणीत असे तुकडे निघतात. अट एक: तुकडा निदान १२ सेंमी जाड हवा, म्हणजे मूठ मधल्या गाभ्याच्या ठिपक्याला बाजूला ठेवून काढता येते. तो ठिपका मुठीत राहिला तर वाळताना त्याच्यापासून सालीपर्यंत चीर जाते, आणि तिला उपाय नाही.

ओल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना जाड ऑइल पेंट किंवा वितळलेलं मेण फासा आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवा. टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी भराभर उडतं, आणि टोक आधी आक्रसलं की फाटतं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून त्या तुकड्यावरच लिहीत जा. लागोपाठ तीन वजनं सारखी आली की लाकूड तयार. पावसाळ्यात मात्र सारखं आलेलं वजन फसवं असतं. कोकणात जुलैत ‘वाळलेलं’ लाकूड डिसेंबरात पुन्हा आक्रसतं.

वाफेवर वाकवलेली मूठ का नको

इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली मूठ पाहून अनेकांना वाटतं की सागाची पट्टी वाफवावी आणि वाकवावी. गणित करून बघा. २० मिमी जाड दांडा आतून ३२ मिमी त्रिज्येत वळवला तर बाहेरच्या कडेची त्रिज्या ५२ मिमी होते. वाफवलेलं लाकूड ताणलं जवळजवळ जातच नाही, दाबलं जातं. म्हणजे आतल्या कडेची लांबी ५२ला ३२ या प्रमाणात, तिसऱ्या हिश्शाहून जास्त, दाबली जायला हवी. बाहेरून पोलादी पट्टी आवळून कसलेले कारागीर निवडक जातींवर हे जमवतात. वखारीतलं कोरडं सागवान बाहेरून तडतड फाटतं. तसला आकार हवा असेल तर वेत घ्यावा. तो तापवून वळवता येतो, पण ती वेगळी विद्या आहे.

हत्यारं

बारीक पात्याची धनुष्याकृती करवत, जाड दात्यांची लाकडाची कानस आणि एक बारीक अर्धगोल कानस, १० मिमीची सपाट पटाशी, ६ आणि १० मिमीच्या गोल पटाश्या, एक व्ही आकाराची पटाशी, आखूड पात्याचा कोरीव चाकू, ड्रिल, गुण्या (काटकोन बघायचा) आणि वाइस (लाकूड आवळून धरायचा). यातलं एकच महागडं घ्यायचं तर व्ही पटाशी चांगली घ्या. बाकी हत्यारं साधी असली तरी काम चालून जातं. दर वीस मिनिटांनी धार जुन्या चामडी पट्ट्यावर ओढा, त्यावर पितळ घासायचं पॉलिश किंचित लावलेलं असावं. आडव्या रेषांवर काप घेऊन बघा: चकचकीत आला तर धार आहे, पांढुरका आणि खरबरीत आला तर नाही. सागाची आणि शिसवीची भुकटी अनेकांना बाधते, खाज आणि शिंका येतात. मास्क लावूनच घासा.

ठोकळा आणि भोक

ठोकळा १४० मिमी उंच (रेषा याच दिशेनं), ७० मिमी रुंद आणि ३६ मिमी जाड. सहाही बाजू रंध्यानं सपाट आणि गुण्यात. खालचे ८५ मिमी मान, वरचे ५५ मिमी डोकं. पाठीची कड एक ठरवून तिच्यावर फुली मारा, सगळी मापं तिथूनच घ्यायची.

भोक आधी, आकार नंतर. हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं, कारण गोल झालेल्या मानेत सरळ भोक पाडायला टेकूच उरत नाही. ठोकळ्याच्या तळाशी पाठीच्या कडेपासून २० मिमी आणि दोन्ही गालांपासून १८ मिमीवर खूण करून टोच्यानं खळगा पाडा. लाकडासाठीचं, मधे अणकुची असलेलं १० मिमीचं ड्रिलचं बिट घ्या. धातूसाठीचं बिट रेषांबरोबर वाहवत जातं. खोली ६० मिमी, बिटाला त्या जागी चिकटपट्टी गुंडाळा. स्टँडवरचं ड्रिल असेल तर चिंता नाही. हातानं पाडायचं असेल तर ठोकळा वाइसमध्ये ओळंब्यानं उभा धरा, दोन बाजूंना दोन गुण्ये उभे करा आणि दुसऱ्या कुणाला तरी समोरून बघायला सांगा. दर १५ मिमीला बिट बाहेर काढून भुसा झटका, नाहीतर तो आत दबून बिट तापतं आणि भोक करपून मोठं होतं.

एवढी काटेकोरी कशाला? भोक एक अंशानं तिरकं गेलं तर ८५ सेंमी दांड्याच्या टोकाला दीड सेंमीचा फरक पडतो. छत्री हातात घेताक्षणी ती वाकडी वाटते आणि का ते कळत नाही. तिरकं झालंच तर भोक मोठं करून सरळ करायचा प्रयत्न सोडा. १६ मिमीचं पाडा, त्याच लाकडाची गोल खुंटी गोंद लावून ठोका, एक दिवस थांबा आणि नव्यानं पाडा.

आकार काढणं

पुठ्ठ्यावर बाजूची आकृती काढा. मान पाठीच्या कडेपासून ५ ते ३५ मिमी, म्हणजे ३० मिमी रुंद आणि भोक बरोबर तिच्या मधोमध. डोक्याची पाठ २ मिमीवर, चोचीचा सर्वांत पुढचा भाग ६२ मिमीवर. चोचीचं टोक खाली वळून मानेच्या पुढच्या कडेला, डोक्याच्या तळाशी टेकलेलं. चोच आणि छाती यांच्यामधे करंगळी अडेल एवढा खळगा ठेवा. छत्री उघडी धरल्यावर हात घसरून खाली जाऊ लागला की हाच खळगा अडवतो. आरपार भोक मात्र तिथं करू नका. दिसायला ते सुबक, पण मग चोच दोन बारीक पुलांवर उभी राहते.

पुठ्ठा ठोकळ्यावर ठेवून आखा आणि रेघेच्या बाहेर २ मिमी सोडून करवतीनं कापा. मानेच्या पुढचा मोठा तुकडा काढण्याआधी त्यात १० मिमी अंतरानं आडवे काप घ्या, मग पटाशी आणि मोगरीनं (लाकडी हातोड्यानं) एकेक ढलपी उडते. आता समोरून बघितल्यावर दिसणारा आकार: डोकं गालांपाशी पूर्ण ३४ मिमी, चोच पुढं निमुळती होत १६ मिमी, मान २७ मिमी. म्हणजे मान ३० बाय २७ची लंबगोल होते. मुद्दामच. गोल मान ओल्या हातात फिरते, लंबगोल मान फिरत नाही, आणि न बघताही चोच कुठल्या बाजूला आहे ते तळव्याला कळतं.

मान गोलावताना सरळ कानस फिरवत सुटू नका, सुताराची जुनी रीत धरा: चौकोन, मग अष्टकोन, मग गोल. ३० मिमीच्या बाजूवर दोन्ही कडांपासून पावणेनऊ मिमीवर आणि २७च्या बाजूवर आठ मिमीवर रेघा मारा, त्या रेघांना जोडणारे कोपरे उतरवा. आठ बाजू सारख्या दिसल्या की पुन्हा कोपरे मारून सोळा करा. त्यानंतरच घासायचं. या रीतीनं डोळ्याला चूक लगेच दिसते. सरळ गोलावलेल्या मानेतली पोक तेल लावल्यावर दिसते, तेव्हा उशीर झालेला असतो.

या टप्प्यावर मूठ दांड्यावर नुसती अडकवा, छत्री उघडा आणि दहा मिनिटं धरून उभे राहा. खिडकीत, गच्चीवर, कुठंही. कुठं टोचतंय, करंगळी कुठं बसतेय ते पेन्सिलीनं मुठीवरच लिहा. या दहा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं आकृती गिरवून कळत नाही.

डोळा, चोच, पिसं

आधी चोच आणि चेहरा यांच्यामधली रेघ. चाकूनं २ मिमी खोल उभा काप घ्या आणि मग चोचीच्या बाजूनं त्याच्याकडे उतरत लाकूड काढा. उभा काप आधी नसेल तर पटाशी चेहऱ्यात घुसते आणि गालाची कूस, म्हणजे बारीक चिरफळी, निघते. कूस उठायला लागली की थांबा आणि दिशा उलटी करा. उंचाकडून सखलाकडं, म्हणजे रेषा जिकडं उतरतात तिकडं कापलं की कूस निघत नाही. पोपटाच्या गालावर तर ही दिशा मध्यावर बदलते, कारण गाल फुगीर आहे. फुगीर भागाच्या माथ्यापासून दोन्हीकडं उतरत जावं.

डोळे दोन्ही गालांवर सारख्या जागी येणं हे दिसतं त्यापेक्षा अवघड. डोळ्यांनी अंदाज घेऊ नका. पातळ कागदाची पट्टी माथ्यावरून दोन्ही गालांवर घोड्याच्या खोगिरासारखी टाका, एका बाजूला खूण करा, पट्टी मधोमध दुमडून टाचणी आरपार काढा आणि परत बसवा. दोन्ही भोकं म्हणजे दोन डोळे. तिथं ४ मिमीचं, ५ मिमी खोल भोक पाडून पितळी सळईचा तुकडा एपॉक्सीनं (दोन भाग मिसळून वापरायच्या गोंदानं) बसवा आणि किंचित वर राहू देऊन बारीक कानशीनं घुमट करा. पितळ घासताना त्याची काळी भुकटी लाकडाच्या छिद्रांत जाते, फिकट फणसावर तर डाग पडतो. आधी डोळ्याभोवती चिकटपट्टी लावा. काहींना काचेचे मणी आवडतात. पावसाळ्यात एक तरी गळून पडतो, आणि काणा पोपट फार केविलवाणा दिसतो.

पिसं कमीच. प्रत्येक गालावर सात ते नऊ, डोळ्यामागून मानेकडं मोठी होत गेलेली. व्ही पटाशीनं १ ते दीड मिमी खोल रेघ, मग तिच्या मागची कड गोल पटाशीनं किंचित उतरवायची, म्हणजे एक पीस दुसऱ्यावर बसल्यासारखं दिसतं. एका पिसावर जवळून बघा: टोकाची कड तीक्ष्ण, मुळाशी ते शेजारच्या पिसाखाली मावळलेलं, आणि मधे रेषा अखंड वाहत गेलेल्या. रेषाच पिसाचे तंतू होतात. सागवानात आणि शिसवीत तंतू वेगळे कोरायची गरजच पडत नाही, आणि कोरले तर लाकडाचं स्वतःचं रूप मरतं.

पिसं कोरायच्या आधी सगळी मूठ घासून संपवलेली असावी. पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४० या क्रमानं, रेषांच्या दिशेनं. कोरल्यानंतर घासलं की पिसांच्या कडा साबणासारख्या झिजतात. ओल्या फडक्यानं मूठ पुसून वाळू द्या, तंतू काट्यासारखे उभे राहतील, ते ३२०च्या पेपरनं हलकेच उतरवा, आणि हे दोनदा करा. ही पायरी टाळली तर पहिल्याच पावसात मूठ खरखरीत होते.

पितळी कडं

मानेचं तोंड ही सगळ्यांत नाजूक जागा. आतून दांडा रेटतो, बाहेरून आवळायला काहीच नसतं. तिथं २२ मिमी आतल्या व्यासाच्या, १ मिमी जाड पितळी नळीचा १२ मिमी तुकडा बसवा. मानेचं टोक चाकूनं गोल करत २२ मिमीवर आणा. कडं हातानं अर्धं जावं आणि उरलेलं मोगरीच्या दोन-तीन हलक्या ठोक्यांनी. सैल कडं गोंदानं बसवलं तरी उपयोग नाही, ते आवळत नाही, नुसतं दागिन्यासारखं राहतं.

तेल

लाखेचं फ्रेंच पॉलिश आरशासारखं चमकतं. छत्रीला मात्र ते लावू नये. दमट हवेत त्यावर पांढरट ढग येतात, आणि हाताला सॅनिटायझर लावून मूठ धरली की त्यातल्या अल्कोहोलनं पॉलिश चिकट होतं, कारण चपडी लाख विरघळवतात ती अल्कोहोलमध्येच. सावंतवाडीच्या आणि चन्नपट्टणच्या खेळण्यांवरची लाख वेगळ्या रीतीची: चरकावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून बसते आणि केवड्याच्या पानानं तिला झळाळी आणतात. सरळ, गोल मुठीसाठी ती सुरेख. पोपट चरकावर फिरत नाही.

बेलतेल, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल, घ्या. पहिला हात बेलतेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात: भरपूर लावा, पंधरा मिनिटं मुरू द्या, उरलेलं फडक्यानं पूर्ण पुसा. पुढचे चार हात नुसत्या तेलाचे, प्रत्येकी चमचाभर. दोन हातांमधे २४ तास, हवा दमट असेल तर दोन-तीन दिवस. न पुसता सोडलेलं तेल सुकत नाही, त्याचा चिकट पापुद्रा होतो आणि पिसांच्या खाचांत तर तो हमखास साठतो. जुन्या टूथब्रशनं तिथलं तेल काढा. साधं न उकळलेलं तेल वापरलं तर आठवडे जातात आणि त्यावर बुरशी धरते. कोकणात होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल पाण्याला भारी खरं, पण कातडीवर फोड आणतं. हातात धरायच्या वस्तूला ते लावायचा विचारही नको.

तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळ्याच्या आत उष्णता कोंडून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. अंगणात सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मूठ बसवणं

दांड्याचं टोक ८०च्या पेपरनं खरबरीत करा आणि स्पिरिटनं पुसा. लाकूड सागाचं असेल तर भोकाच्या आतही अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फिरवा आणि पाच मिनिटं थांबा, म्हणजे तेल निघून जाईल. हा वर म्हटलेला उपाय. टोक चपटं केलेलं असेल तर ते भोकात जातं का आधी बघा. अडत असेल तर भोकाच्या दोन बाजूंना बारीक कानशीनं खाचा करा.

एपॉक्सी हळू जमणारी घ्या, काही तासांत घट्ट होणारी. पाच मिनिटांवाली नको: मूठ सरळ करायला वेळ मिळत नाही आणि तिची पकडही कमी. फेविकॉल लोखंडाला धरतच नाही. नळीचं टोक उघडं असेल तर कापसाचा बोळा घाला, नाहीतर सगळा गोंद नळीत उतरतो. भोक एक तृतीयांश भरा. मग दांड्यावर लांबीनं कानशीची एक उथळ खाच हवी, आत अडकलेली हवा आणि जास्तीचा गोंद तिथून वर येतो. खाच नसली तर मूठ खाली दाबली तरी पिस्टनसारखी वर येते, आणि रात्रीतून खुणेपासून ५ मिमी सरकलेली सापडते.

मूठ पिळत खुणेपर्यंत न्या. चोच खटक्याच्या कुठल्या बाजूला हवी ते आधी कोरडं बसवून, अंगठा खटक्यावर सहज जातो का बघून ठरवलेलं असावं. छत्री आडवी धरून दांड्यावरून एक डोळा मिटून बघा, मूठ सरळ रेषेत आहे ना. मग मूठ खाली करून २४ तास उभी टांगा, म्हणजे गोंद भोकातच राहतो. कड्याच्या तोंडाशी गोंदाची बारीक कड गोलसर राहू द्या. तिथून पाणी आत गेलं तर दांडा गंजतो, गंज फुगतो आणि वर्षा-दोन वर्षांनी मान आतून तडकते. तडकलेल्या मुठींत लाकडाचा दोष क्वचितच असतो, बहुतेक वेळा ही कडच राहिलेली असते.

मूठ सागवानात सुमारे ७० ग्रॅम भरते, शिसवीत ९० च्या आसपास. १०० ग्रॅमच्या वर गेली तर मान किंवा गाल अजून जाड आहेत.

ओली छत्री कोपऱ्यात उभी करताना मूठ वर, टोक खाली. उलटी ठेवली की कापडातलं सगळं पाणी दांड्यावरून मुठीत उतरतं. दरवर्षी मेच्या अखेरीस मूठ कोरड्या फडक्यानं पुसून बेलतेलाचा एक हात द्यावा. चोचीचा कपचा उडालाच तर तो शोधून ठेवा. फुटलेल्या जागी घासू नका, दोन्ही तुकड्यांच्या खडबडीत कडा एकमेकांत बरोबर बसतात. एपॉक्सी लावून चिकटपट्टीनं दिवसभर आवळा. तुकडा हरवला असेल तर फुटलेली जागा सपाट करून त्याच जातीचा ठिगळ-तुकडा, रेषा जुळवून, लावावा आणि मग चोच नव्यानं कोरावी, आधीपेक्षा दोन मिमी आखूड.